खेळ बंद पडतो तो आपल्यामुळेच!

दिवाळी अंकात भांडू नये, असा एक सभ्य संकेत आहे. चकलीचा तुकडा मोडावा, अंक उघडावा, एखादी हलकीफुलकी गोष्ट वाचावी आणि प्रसन्न मनाने वामकुक्षी करावी, एवढीच वाचकाची माफक अपेक्षा असते. हा संकेत मला पुरता ठाऊक आहे. छत्तीस वर्षे मी एका छापखान्यात मुद्रिते तपासली. माझे कितीतरी भाद्रपद आणि आश्विन दिवाळी अंकांच्या मुद्रितांतच सरले. तरीसुद्धा आज मी भांडायला उभा आहे, आणि भांडणाचा विषय ऐकलात तर तुम्ही हसाल. विषय आहे संगणकावरचा एक खेळ. आणि वाद आहे तो हा, की हा खेळ चालता चालता मध्येच का बंद पडतो?

हसून झाले? मग आता ऐका. कारण ज्या घरात आठवी-नववीतले पोर आहे, त्या घरात हा वाद आज ना उद्या उंबरठा ओलांडून येणारच आहे. ‘अहो, नातवाच्या खेळण्यावर कसले लेख लिहिता?’ असे मला घरातूनच विचारून झाले आहे. माझे उत्तर असे, की हा लेख खेळण्यावर नाही. खेळणाऱ्यांवर आहे, आणि त्यांत पहिला आरोपी मी स्वतः आहे.

या खेळाचे नाव स्कायरिम. अमेरिकेतल्या बेथेस्डा गेम स्टुडिओजने तो ११ नोव्हेंबर २०११ रोजी बाजारात आणला. बर्फाळ डोंगरांचा एक कल्पित मुलूख; त्यात शहरे आहेत, खेडी आहेत, ड्रॅगन आहेत, आणि मनात येईल त्या वाटेने भटकण्याची मुभा आहे. एवढ्यावर तो थांबला असता तर इतर शेकडो खेळांसारखा दोन-चार वर्षांत विस्मरणात गेला असता. पण तो ज्या साधनाने घडवला, त्याच जातीचे साधन कंपनीने फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वांना मोफत देऊन टाकले. झाले! जगभरचे हौशी लोक कामाला लागले. कुणी झाडे दाट केली, कुणी नद्यांचे पाणी नितळ केले, कुणी नवी गावे वसवली, कुणी नुसत्या पावाच्या लाद्या खऱ्यासारख्या दिसाव्यात म्हणून रात्री जागवल्या. या फेरफारांना ‘मॉड’ म्हणतात. आमच्या सौभाग्यवती त्याचा उच्चार ‘मोड’ असा करतात. मी पूर्वी त्यांना दुरुस्त करीत असे. आता करीत नाही. कारण मराठीत मोड म्हणजे मोडणे, आणि मटकीला येतो तोही मोडच. दोन्ही अर्थ इथे चपखल बसतात.

तर गेल्या दिवाळीत काय घडले ते सांगतो. माझ्या मुलीचा मुलगा सुट्टीला आमच्याकडे आला. मला हा खेळ त्यानेच शिकवला, हे कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही. आम्ही दोघांनी मिळून मॉड गोळा करायला सुरुवात केली. ‘आजोबा, हा घ्या. आजोबा, हाही छान आहे. ह्याने आकाश बघा कसं दिसतं!’ आजोबा घेत गेले. फुकट मिळत होते ना! लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मोजले तेव्हा आमच्या संगणकात दोनशे चौदा मॉड साठले होते. पाडव्याला आम्ही व्हाइटरन शहरातून निघालो, रिव्हरवूड गावाच्या अलीकडच्या पुलावर पोचलो, आणि खेळ बंद पडला. सूचना नाही, कारण नाही. पडदा क्षणभर गोठला आणि पुढच्या क्षणी नुसता रिकामा डेस्कटॉप समोर! पुन्हा निघालो, पुन्हा पुलावर पडलो. भाऊबीजेपर्यंत त्या एका पुलावर आम्ही एकोणीस वेळा पडलो. पोराची सुट्टी संपली. तो काही बोलला नाही. पण जाताना त्याने संगणकाकडे वळूनही पाहिले नाही. हे मला लागले.

आणि मग मी तेच केले, जे असल्या प्रसंगी सगळे करतात. मी दुसऱ्याला दोष दिला. रिव्हरवूड गावात नवी घरे बांधणारा एक मॉड आम्ही घातला होता. त्याच गावाशी खेळ पडतो, तेव्हा गुन्हेगार तोच, असा निकाल मी एका घटकेत देऊन टाकला. त्या मॉडच्या कर्त्याला इंग्रजीतून एक झणझणीत पत्र लिहिले: तुमच्या निष्काळजीपणाने एका मुलाचा सण वाया गेला, काम जमत नसेल तर करू नये! त्याचे दोन ओळींचे उत्तर आले. ‘मी दिलेला पॅच आपण बसवला आहे का? वर्णनाच्या पहिल्याच परिच्छेदात त्याचा उल्लेख आहे.’ मला ती टोलवाटोलवी वाटली. मी उत्तर पाठवले नाही.

वाचकहो, नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपण लहानपणी पाठ केली. पण ज्याने ते अंगण सारवून, रांगोळी घालून आपल्याला फुकट वापरायला दिले, त्यालाच आपण वाकडे म्हणतो, याला कोणती म्हण लावावी? आज या खेळाच्या भक्तांत जो सूर ऐकू येतो तो हाच आहे. खेळ करणारी कंपनी आळशी, मॉड करणारे मूर्ख, संगणक विकणारा लुच्चा. एक आपण तेवढे धुतल्या तांदळासारखे! या कांगाव्याविरुद्ध माझे भांडण आहे. आणि भांडण नुसत्या नीतीचे नाही. खेळ का पडतो हे एकदा समजून घेतले, की हा कांगावा अज्ञानातून कसा येतो, तेही दिसते. म्हणून आधी ते सांगतो. मला ते माझ्या धंद्याच्या भाषेत सांगता येते, हे माझे भाग्य.

असे समजा, की मूळ खेळ हा एक छापून बांधलेला जाडजूड ग्रंथ आहे. त्याला कुणी हात लावायचा नाही. प्रत्येक मॉड म्हणजे त्या ग्रंथाचे एक शुद्धिपत्र. ‘अमुक पानावरचा गावकरी असा दिसत होता, तो आता असा दिसावा.’ खेळ सुरू होताना ही सारी शुद्धिपत्रे एका ठरावीक क्रमाने वाचतो. त्या क्रमाला लोड ऑर्डर म्हणतात. आता गंमत अशी, की एकाच गावकऱ्याबद्दल दोन शुद्धिपत्रे असली तर खेळ त्यांचा मेळ घालीत नाही. जे शेवटी वाचले ते खरे. बरे, खरे तेही अख्खे! एका मॉडने गावकऱ्याचा चेहरा बदलला, दुसऱ्याने नुसते कपडे बदलले, आणि कपड्यांचा मॉड शेवटी लागला, तर कपडे नवे येतात आणि चेहरा पुन्हा जुना होतो. कारण कपडेवाल्याच्या चिठ्ठीवर चेहऱ्याचीही नोंद असते, आणि ती मूळ ग्रंथातून जशीच्या तशी उतरवलेली असते. त्याने चेहरा बिघडवला का? नाही. चेहरेवाल्याचे काम खोटे होते का? तेही नाही. दोघेही निर्दोष, आणि काम मात्र बिघडलेले!

असली भांडणे बहुतेक वेळा खेळ पाडीत नाहीत. नुसता घोळ करतात. खेळ पडतो त्याची कारणे याहून कठोर असतात. एक मॉड दुसऱ्याच्या आधारावर उभा असतो आणि तो दुसरा आपण घातलेलाच नसतो. मग खेळ दारातच कोसळतो. एखादी आकृतीची फाइल सदोष असते. कधी स्मरणशक्ती संपते. २०११ चा मूळ खेळ ३२ बिटांचा होता. तो कितीही ताणला तरी ४ गिगाबाइटच्या पलीकडे स्मरणात काही ठेवू शकत नव्हता. लोकांनी त्यात डोंगराएवढी मोठी चित्रे कोंबली आणि तो कोसळला की कपाळावर हात मारला. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी ६४ बिटांची आवृत्ती आली आणि ती भिंत पडली. पण दुसरी एक मर्यादा राहिलीच. प्रत्येक मॉडच्या मुख्य फाइलला, म्हणजे प्लगिनला, एक क्रमांक मिळतो, आणि तो एका बाइटात बसावा लागतो. एका बाइटात २५६ आकडे मावतात. मूळ खेळाचा नि राखीव जागांचा वाटा काढला की अडीचशेच्या आसपास खुर्च्या उरतात. पुढे ‘हलकी’ प्लगिने निघाली. ती सगळी मिळून एकाच खुर्चीवर बसतात आणि ४०९६ पर्यंत मावतात. म्हणजे एस.टी.त मांडीवर बसवलेल्या पोरांसारखी. जागा झाली खरी. पण जागा झाली म्हणून गर्दी करावी, हे कुठले शहाणपण?

आता माझ्या पुलाकडे येतो. या खेळातल्या माणसांना कुठून कुठे चालता येते, हे जमिनीवर अंथरलेल्या एका अदृश्य जाळ्यावरून ठरते. आम्ही दोन मॉड घातले होते. एकाने पूल आणि रस्ता नव्याने बांधला आणि ते करताना तिथले जुने जाळे काढून टाकले. दुसऱ्याने गावात घरे बांधली आणि आपल्या अंगणाचे जाळे त्याच जुन्या जाळ्याला जोडले. गावातला एक माणूस घरातून निघाला, वाट शोधू लागला, आणि जिथे वाट असायला हवी तिथे काहीच नव्हते. खेळ पडला. आणि हे असे होणार, हे घरे बांधणाऱ्याला ठाऊक होते! त्याने त्या पुलाच्या मॉडचे नाव लिहून इशारा दिला होता, दोघांचा समेट घडवणारा एक छोटा पॅच स्वतः तयार करून ठेवला होता, आणि तो सर्वांत शेवटी लावा असे बजावले होते. पहिल्याच परिच्छेदात. मी, छत्तीस वर्षे लोकांच्या चुका लाल शाईने दाखवून दिलेला माणूस, मी तो परिच्छेद वाचला नव्हता.

हे मला जानेवारीत कळले. कळल्याबरोबर मी क्षमा मागायला त्याच्या पानावर गेलो. पान मिटले होते. मॉड उतरवून घ्यायची सोय त्याने बंद केली होती आणि एकच ओळ मागे ठेवली होती: ‘आता वेळ होत नाही. सर्वांना शुभेच्छा.’ माझ्या एका पत्राने तो गेला, असे म्हणण्याइतका मी मोठा नाही. पण त्याला आलेल्या शेवटच्या काही पत्रांत एक माझे होते, हे मला पुसता येत नाही. तो कुठल्या देशातला, काय करतो, मला ठाऊक नाही. त्याने बांधलेली घरे माझ्या संगणकात अजून आहेत.

आता प्रतिपक्षाचे ऐकू. पहिला आक्षेप असा: ‘फुकट दिले म्हणून काय झाले? लोकांसमोर ठेवले की ते चाललेच पाहिजे.’ ठीक. चालते की! ज्याने ते केले त्याच्या संगणकावर, मूळ खेळावर, ते चालते. पण माझ्या घरी जो खेळ आहे, तो मूळ खेळ अधिक दोनशे चौदा मॉड, माझ्या क्रमाने लावलेले, असा आहे. अगदी तसा खेळ साऱ्या जगात बहुधा दुसरीकडे कुठेही नाही. तो ना कंपनीने पाहिला, ना त्या दोनशे चौदांपैकी एकाने. तो फक्त मी जमवला, आणि फक्त माझ्या घरी आहे. मग त्याची जबाबदारी जगात दुसरे कोण घेणार? लग्नाच्या पंगतीत दहा आचारी बोलवावेत, एकाचे पदार्थ दुसऱ्याला न सांगता एकाच चुलाणावर चढवायला लावावेत, आणि आमटीत श्रीखंड पडले की श्रीखंडवाल्याची गचांडी धरावी, असला हा न्याय आहे. यजमान कोण आहे? यजमान आपण आहोत!

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. ‘मग पैसे घ्या आणि हमी द्या!’ हा प्रयोग होऊन गेला आहे. २३ एप्रिल २०१५ रोजी स्टीम या दुकानात स्कायरिमचे मॉड विकत मिळू लागले. विक्रीतला चौथा हिस्सा, म्हणजे २५ टक्के, कर्त्याला. उरलेले दुकान आणि कंपनी यांना. एवढा गदारोळ उठला, की २७ एप्रिलला ती योजना गुंडाळावी लागली. चार दिवसांचा संसार! कर्त्याला त्याच्या श्रमाचा मोबदला मिळू नये असे मी म्हणत नाही. छापखान्यातल्या माणसाला ते म्हणवणार नाही. पण पैसे देऊन तरी हमी कशाची मिळणार होती? एका मॉडची मिळाली असती. दोनशे चौदा मॉडांच्या जमावाची हमी कोण देणार? ज्याने तो जमाव जमवला नाही तो ती पैसे घेऊनही देऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला अर्धा मान्य आहे. ‘कंपनी मध्येच खेळ बदलते, आणि चालणारे मॉड बंद पडतात.’ खरे आहे. खेळाच्या दहाव्या वाढदिवशी, ११ नोव्हेंबर २०२१ रोजी, मूळ कार्यक्रमाची फाइल बदलली. ५ डिसेंबर २०२३ रोजी पुन्हा बदलली. स्क्रिप्ट एक्स्टेंडर नावाच्या एका साधनावर असंख्य मॉड अवलंबून असतात, आणि ते साधन त्या फाइलच्या नेमक्या आवृत्तीला जखडलेले असते. फाइल बदलली की ते साधन नव्याने करावे लागते. ते करणारेही हौशीच! दोन्ही वेळा त्यांनी ते केले. त्या काळात आपण काय केले? ‘अजून कसे झाले नाही?’ म्हणून त्यांच्या दारावर थापा मारल्या. वास्तविक चालता खेळ आपोआप बदलू न देणे आपल्या हातात होते. स्टीममध्ये तशी सोय आहे: खेळ सुरू करू तेव्हाच तो अद्ययावत कर, असे सांगता येते, आणि मग तो स्क्रिप्ट एक्स्टेंडरमधूनच सुरू करायचा. आपण ती शोधली नाही. शोधायला वाचावे लागते, आणि वाचायचे म्हटले की आपल्याला ग्लानी येते.

चौथे महाशय हसून म्हणतील, ‘एवढा खटाटोप एका पोरखेळासाठी?’ त्यांना मी थोडा इतिहास सांगतो. ज्या पबजीने भारतातल्या आईबापांची झोप उडवली, आणि ज्याच्या मोबाइल आवृत्तीवर आपल्या सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली, त्या पबजीच्या कर्त्याचे पहिले काम म्हणजे दुसऱ्या एका खेळाचा मॉडच होता. काउंटर-स्ट्राइक हा जगप्रसिद्ध खेळ १९९९ मध्ये मॉड म्हणूनच जन्माला आला. खुद्द स्कायरिमसाठी एका ऑस्ट्रेलियन वकिलाने ‘द फर्गॉटन सिटी’ नावाचा मॉड लिहिला. त्याला २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियन रायटर्स गिल्डचा पुरस्कार मिळाला. पुढे २०२१ मध्ये त्यातून एक स्वतंत्र खेळच निघाला. लेखकांच्या संस्थेने ज्या कामाला पुरस्कार दिला, त्याला एका साहित्याच्या मासिकात तरी पोरखेळ म्हणू नका.

आणि या देण्याचे मोल आपण किती कमी लेखतो पाहा. २०२१ च्या जुलैत मॉडांच्या सर्वांत मोठ्या भांडाराने, नेक्सस मॉड्सने, जाहीर केले की यापुढे कर्त्याला आपली फाइल कायमची पुसता येणार नाही. ती लपवता येईल, पण भांडाराच्या दप्तरात राहील. कारण काय, तर लोकांना आयते संच एका बटणासरशी उतरवता यावेत, आणि त्यांतली एखादी वीट निखळू नये. सोय म्हणून हे समजते. आयत्या संचांवर माझा रागही नाही. ज्याने संच जुळवला त्याने संपादकाचे काम केलेले असते. पण त्या वेळी कितीतरी कर्त्यांनी आपले काम काढून घेतले. त्यांची समजूत घालायला खेळणारे किती पुढे आले? बहुतेकांची तक्रार एकच होती: आमचा संच मोडला! आयत्या बिळावर बसलेल्या नागोबाने बीळ खणणाऱ्यावर फुत्कार टाकावा, त्यातला हा प्रकार.

मी नुसता उपदेश करून थांबणार नाही. या वर्षी नातवाची सुट्टी सुरू होण्याआधी मी सारे पुसून टाकले आणि शून्यापासून आरंभ केला. रीत सांगतो, ज्यांच्या घरी गरज असेल त्यांनी घ्यावी.

आधी नुसता मूळ खेळ तासभर चालवून पाहायचा. तो नीट चालत नसेल तर मॉडांचे नाव घ्यायचे नाही. मग एक वही घ्यायची. होय, कागदाची. प्रत्येक मॉडचे नाव, तारीख, तो कशाच्या आधारावर उभा आहे आणि कुणाशी त्याचे पटत नाही, हे कर्त्याच्या पानावरून वाचून वहीत उतरायचे. ते उतरल्याशिवाय मॉड घालायचा नाही. मॉड खेळाच्या मूळ फाइलींत मिसळू न देता वेगळ्या कप्प्यांत ठेवणारी साधने आहेत. मॉड ऑर्गनायझर हे त्यांतले एक. ते वापरले की घातलेला मॉड मागमूस न ठेवता काढता येतो. क्रम लावून देणारे साधनही आहे. पण ते क्रम लावते, समेट करीत नाही, हे विसरायचे नाही. समेट पाहायचा तो एक्सएडिटमध्ये. दोन मॉड एकाच गोष्टीवर हक्क सांगतात तिथे ते रकाने शेजारी शेजारी मांडून रंगवून दाखवते. मी ते प्रथम उघडले तेव्हा मला माझ्या जुन्या टेबलाची आठवण झाली. तीच लाल खूण, तेच दोन पाठ, आणि तोच प्रश्न: यांतला कोणता ठेवायचा?

एका वेळी एक किंवा दोन मॉड घालावेत, आणि लगेच खेळून पाहावे. खेळ अर्ध्यावर आला असता मॉड काढू नये. त्याच्या हुकुमांचे अवशेष जतन केलेल्या डावात शिल्लक राहतात आणि पुढे घात करतात. खेळाचा वेग सेकंदाला साठ चित्रांवर बांधून ठेवावा. तो त्यापलीकडे गेला की वस्तूंच्या पडण्या-आदळण्याचे गणित चुकते आणि टेबलावरची ताटे आपोआप उडू लागतात. नातवाला ते फार आवडते. पण तो भाग वेगळा. आणि इतके करूनही खेळ पडलाच तर पडतानाची नोंद लिहून ठेवणारा मॉड मिळतो. ती नोंद वाचावी. त्यातूनही उलगडले नाही तर अर्धे मॉड बंद करून पाहावे, मग उरलेल्यांतले अर्धे. दोनशे मॉडांतला एकटा दोषी अशा आठ फेऱ्यांत सापडतो. दोष दोघांच्या जोडीचा असेल तर ही युक्ती फसवते. तिथे पुन्हा वहीच कामाला येते.

आमचा खेळ आता एकसष्ट मॉडांवर आहे. दोनशे चौदांतल्या एकशे त्रेपन्नांची आम्हाला गरजच नव्हती. यांतले तीस-पस्तीस तर असे निघाले, की ते काय करतात हे आम्हा दोघांना आठवेना!

परवा नातू आला. वसुबारसेच्या संध्याकाळी आम्ही व्हाइटरनहून निघालो, पुलावर पोचलो, आणि दोघेही नकळत थांबलो. मग तो म्हणाला, ‘चला आजोबा.’ पूल ओलांडला. गावातला एक माणूस आपल्या नव्या घरातून निघाला, अंगणातून रस्त्यावर आला आणि आपल्या कामाला चालता झाला. घरे त्याच मॉडची आहेत, आणि शेवटी त्याचाच पॅच लावला आहे. जानेवारीत माझ्या एका समखेळाडूने स्वतःजवळचा तो पॅच मला दिला. पण ज्याने ही घरे बांधली त्याला ‘चालले हो!’ एवढे कळवायची सोय मी माझ्या हाताने घालवली आहे.

म्हणून, ज्यांच्या घरी असला खेळ आहे त्यांना माझे सांगणे आहे. तुमचा खेळ पडला तर आधी तुमची वही दाखवा. वही नसेल तर तक्रार ऐकून घ्यायला मी तयार नाही. आणि खेळ चालला, महिनाभर बिनबोभाट चालला, तर त्या साठ माणसांना एकेक ओळ लिहा. काय बिघडले हे त्यांना रोज कुणीतरी सांगतेच; नीट चालते आहे हे फारसे कुणी सांगत नाही. नातवाने काल सकाळी फराळाआधी सहा जणांना लिहिले. त्याचे इंग्रजी मी तपासले. दोन ठिकाणी लाल खूण करावी लागली, बाकी मजकूर निर्दोष होता.